चुकांची वही आणि केंब्रिजची परीक्षा

मुलांनो, आज एक गोष्ट परीक्षेची. लगेच नाक मुरडू नका! आधी एक गंमत ऐका.

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने एक नवी परीक्षा सुरू केली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, पण ज्यांना इंग्रजी शिकवायचं आहे, अशा लोकांसाठी. ती किती तासांची असेल? तब्बल बारा तासांची! इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, मग तिकडून परत इंग्रजीत, वर व्याकरण. दोन तासांचा निबंध. तीन तासांचं साहित्य. उच्चारशास्त्राची निराळी प्रश्नपत्रिका. आणि हे सगळं झाल्यावर श्रुतलेखन, वाचन आणि संभाषण. निबंधाच्या विषयांत एक विषय तर चक्क आपल्याकडचा होता, १८५७ चा उठाव!

या पहिल्या परीक्षेला बसले किती? तीन जण. आणि पास किती झाले? एकही नाही!

आपल्याकडे असं झालं असतं तर शाळेत केवढा गहजब उडाला असता. मंडळाने मात्र परीक्षा बंद केली नाही. पुढे तिच्यात बदल होत गेले. उच्चारशास्त्राची प्रश्नपत्रिका गेली, भाषांतराची सक्ती गेली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती परीक्षा अजून चालू आहे. तिचं आजचं नाव ‘सी टू प्रोफिशियन्सी’. तिच्या एक पायरी खालची धाकटी बहीण १९९१ साली आली. तिला आज ‘सी वन ॲडव्हान्स्ड’ म्हणतात.

हे सी वन, सी टू म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. भाषा किती येते हे मोजायला युरोपातल्या देशांच्या परिषदेने २००१ साली सहा पायऱ्यांचा जिना बांधून दिला. ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. पहिल्या पायरीवरचा माणूस आपलं नाव सांगतो, पाणी मागतो, रस्ता विचारतो. सी वनच्या पायरीवरच्या माणसाला कॉलेजातलं व्याख्यान समजतं, लांबलचक लेख वाचता येतो आणि शब्दासाठी अडून न राहता आपलं म्हणणं मांडता येतं.

तर या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी आमच्या घरात अगदी धुमाकूळ घातला होता. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकली. परदेशातल्या एका विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात आहे आणि तिथे प्रवेशाला सी वनचं प्रमाणपत्र मागतात. घरातल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, ‘हिला काय, इंग्रजी तर हिचा हातचा मळ!’ तिने सराव-संच आणले, एकापाठोपाठ एक वीस प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि ऑक्टोबरात परीक्षा देऊन आली. निकाल लागला, १७४. सी वनला लागतात १८०.

या परीक्षेत नापास होण्याची तऱ्हाही जरा निराळी आहे, बरं का. १६० ते १७९ मिळाले तर तुम्हाला खालच्या पायरीचं, म्हणजे बी टूचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे अगदीच हात हलवत परत यावं लागत नाही. पण जिथे सी वन मागितलंय तिथे बी टू दाखवून काय उपयोग? तिकीट काढलंय लोणावळ्यापर्यंत आणि उतरायचंय दादरला!

या परीक्षेची फी काही थोडीथोडकी नसते. आमचे दाजी एका दुकानात हिशेब लिहितात. ते एवढंच म्हणाले, “आणखी एकदा भरतो. पण एकदाच.” रागावले नाहीत, ओरडले नाहीत. आणि तेच पोरीला जास्त लागलं. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, तर चकलीचा डबा समोर उघडा आणि हिचं तोंड एवढंसं.

आता माझी हकिकत. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. स्वतः शिकले मराठी शाळेत. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, तेव्हा मी सहावीत होते. म्हणजे आमची ए बी सी डी पाचवीतली. घरी आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची जुनी पुस्तकं होती, तेच आमचं इंग्रजीचं सगळं वैभव. बारावी झाले, डीएड झाले. आज इंग्रजी वाचलेलं कळतं, लिहितेही बऱ्यापैकी. पण कोणी समोर येऊन इंग्रजीत बोलायला लागलं की माझ्या तोंडाला कुलूप! तेव्हा मी या मुलीला इंग्रजी ते काय शिकवणार?

पण एक काम मला येतं. पोराच्या पाटीवरची चूक पाहायची आणि ती कुठून आली असेल हे शोधायचं. आम्ही मास्तर लोक दिवसभर दुसरं करतो तरी काय?

मी म्हटलं, “अगं, त्या तुझ्या वीस प्रश्नपत्रिका आण बघू.”

तिने गठ्ठा आणून ठेवला. प्रत्येकीवर लाल पेनाने मार्क घातलेले. कुठे ५६ पैकी ३६, कुठे ३८, कुठे ३५.

“चुकलेल्या उत्तरांचं पुढे काय केलंस?”

“काय करायचं मावशी? बरोबर उत्तर बघितलं आणि पुढची सोडवली.”

इथेच मला पहिला धागा मिळाला. पहिल्या प्रश्नपत्रिकेत जी चूक होती तीच सातव्यात होती, तीच अठराव्यात. वीस वेळा तिने परीक्षा दिली होती, सराव एकदाही केला नव्हता.

दुसरा धागा निकालाच्या कागदावरच छापलेला होता. या परीक्षेचा निकाल म्हणजे एकच आकडा नसतो. वाचन, भाषेचा वापर, लेखन, श्रवण आणि संभाषण असे पाच आकडे असतात आणि त्यांची सरासरी काढतात. तिचे आकडे असे होते: वाचन १८२, भाषेचा वापर १६३, लेखन १७०, श्रवण १८६, संभाषण १६९. तुम्हीही सरासरी काढून पाहा, १७४ येते ना? म्हणजे वाचण्यात आणि ऐकण्यात पोरगी सी वनच्या पायरीवर कधीच चढली होती. पाय घसरत होता तो बाकीच्या तिन्हींत. आणि ती सराव कशाचा करत होती? वाचनाचा! जे येतं तेच पुन्हा पुन्हा करायला बरं वाटतं ना, म्हणून. तुमच्यातही पाढे म्हणायला सांगितले की दोनचा पाढा जोरात म्हणणारे आहेत, मला ठाऊक आहे.

आम्ही सुरुवात केली १६३ पासून.

वाचन आणि भाषेचा वापर यांची प्रश्नपत्रिका एकच असते. दीड तासात ५६ प्रश्न. त्यातला भाषेच्या वापराचा एक प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. एक छोटा उतारा, त्यात आठ गाळलेल्या जागा, प्रत्येक जागी एकच शब्द भरायचा. पर्याय दिलेले नसतात. आता तुम्हाला वाटेल, इथे मोठमोठे अवघड शब्द लागत असतील. छे! बहुतेक जागी लागतात ते ‘ऑफ’, ‘द’, ‘विच’, ‘फॉर’ असले चिमुकले शब्द. मोठा शब्द अडला तर माणूस शब्दकोश उघडतो. या चिमुकल्यांसाठी शब्दकोश उघडायचं कोणाच्या मनातही येत नाही, आणि तिथेच फसगत होते.

भाचीच्या चुका मी एका कागदावर मांडल्या तेव्हा मला हसू आलं. बालवाडीपासून इंग्रजी माध्यम, पण चुका सगळ्या मराठी वळणाच्या! आपण म्हणतो, ‘मी दहा वर्षांपासून शिकवते.’ म्हणून ही लिहिते, ‘सिन्स टेन इयर्स’. इंग्रजीत ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण लागतो, जसं ‘सिन्स २०१५’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर टेन इयर्स’. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ही ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ जोडते. इंग्रजीत नुसतंच ‘डिस्कस’ पुरतं, ‘विषयी’ त्याच्या पोटातच आहे.

आणि ‘अ’ आणि ‘द’! मराठीत हे शब्द नाहीत असं मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले. पण त्या रात्री धाकट्याला गोष्ट सांगताना माझी मलाच गंमत वाटली. गोष्ट कशी सुरू होते? एका गावात एक म्हातारी राहत होती. पुढचं वाक्य काय? ती म्हातारी लेकीकडे निघाली. पहिल्यांदा ‘एक म्हातारी’, ओळख झाल्यावर ‘ती म्हातारी’. इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ साधारण हेच काम करतात. सगळीकडे हा नियम लागू पडत नाही, नद्यांना ‘द’ आणि गावांना नाही असले हट्ट पाठच करावे लागतात. पण निम्मं काम तरी म्हातारीने केलं!

मग आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, ‘चुकांची वही’. पानाचे तीन भाग. डावीकडे मी काय लिहिलं, मधे काय हवं होतं, उजवीकडे मी असं का लिहिलं. हा तिसरा भाग सगळ्यात अवघड, बरं का. पहिले दोन दिवस भाची तिथे ‘निष्काळजीपणा’ एवढंच लिहायची. मी ते खोडायला लावलं. निष्काळजीपणा हे कारण नव्हे, ती पळवाट आहे. ‘मराठीतलं पासून डोक्यात होतं’ हे कारण. ‘वाक्य शेवटपर्यंत वाचलंच नाही’ हेही कारण.

इथे मला माझ्या व्यवसायाची एक चूकही कबूल केली पाहिजे. आम्ही शिक्षक काय सांगतो? चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आण. मुलं काय करतात? आधी दहा वेळा पहिलं अक्षर, मग दहा वेळा दुसरं! हात लिहितो, डोकं खेळायला गेलेलं असतं. म्हणून आम्ही ठरवलं, चुकलेलं एकदाच नीट लिहायचं, पण त्याचं आपलं स्वतःचं एक वाक्य करायचं. आणि मग वही झाकून दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी ते आठवून पाहायचं. एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून दुसऱ्या दिवशीची उजळणी चुकवायची नाही, हा आमचा कडक नियम.

भाषेच्या वापराचे बाकीचे प्रश्न पाहून मला तर जुने मित्र भेटल्यासारखं झालं. एका प्रश्नात एक वाक्य देतात, एक शब्द देतात आणि अर्थ न बदलता तोच शब्द वापरून दुसरं वाक्य पुरं करायला सांगतात. तीन ते सहा शब्दांत. दिलेल्या शब्दाचं रूप मात्र जराही बदलायचं नाही. ओळखीचं वाटतं ना? मराठीच्या पेपरात नाही का, ‘कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा’! ‘आम्ही बसतो न बसतो तोच दिवे गेले’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत याचं वळण असं, ‘हार्डली हॅड वी सॅट डाउन व्हेन द लाइट्स वेंट आउट’. ‘हार्डली’ पुढे आला की ‘हॅड’ उडी मारून ‘वी’च्या आधी येतो. भाचीला ही उडी कधी लक्षातच राहायची नाही. ‘बसतो न बसतो’ म्हटल्यावर राहिली. दुसऱ्या एका प्रश्नात मूळ शब्द देतात आणि त्याला उपसर्ग, प्रत्यय लावून नवा शब्द करायचा असतो. आपण हार, प्रहार, आहार, विहार, संहार करतो तसंच.

आणखी एक प्रश्न शब्दांच्या जोड्यांचा. चार पर्यायांतला एक निवडायचा, चारही अर्थाने जवळजवळ सारखेच. इथे नियम नाही, कानच लागतो. मराठीत पाऊस पडतो, वारा सुटतो, थंडी वाजते, भूक लागते. कोणी ‘मला थंडी लागली’ म्हणालं तर कळतं, पण कानाला खटकतं की नाही? तसंच इंग्रजीत जोराचा पाऊस ‘हेवी’ असतो आणि कडक चहा ‘स्ट्राँग’. ‘हेवी’ चहा कोणी पीत नाही! म्हणून वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, जोडी लिहायची.

आता लेखन. दीड तासात दोन मजकूर, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांचे. पहिला निबंध सक्तीचा. दुसऱ्यासाठी पत्र, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण अशांतून निवड करायची. भाचीने काय केलं होतं? भारदस्त वाक्यं पाठ करून ठेवली होती आणि विषय कोणताही असो, ती पेरत सुटली होती. मित्राला पाठवायच्या पत्रातसुद्धा! मी तिला म्हटलं, “आमच्या शाळेला वाचनालयासाठी खोली हवी आहे. आधी सरपंचांना मराठीत लिही. मग तेच तुझ्या आजीला कळव.” सरपंचांच्या अर्जात ती ‘महोदय, विनंती की’ असं सुरेख लिहून गेली आणि आजीला लिहिलं, ‘अगं आजी, मावशीच्या शाळेला खोली मिळणार बहुतेक!’ मग मी विचारलं, “मराठीत तुला कोणी न सांगता जे कळतं ते इंग्रजीत का विसरतेस?” ती काही बोलली नाही. पण त्या रात्री तोच प्रस्ताव इंग्रजीत लिहायला बसली. आधी दहा मिनिटं नुसती टिपणं, मग लिहिणं, शेवटची पाच मिनिटं फक्त ‘अ’, ‘द’ आणि क्रियापदं तपासायला. खोली अजून मिळालेली नाही, पण प्रस्ताव झकास झाला होता!

श्रवणाची तिला अडचण नव्हती. ४० मिनिटांत ३० प्रश्न, आणि प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. तिथे अडचण होती ती मला. आम्ही बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम लावायचो. तो सहा मिनिटांचा असतो आणि त्याचा लिखित मजकूरही मिळतो. त्यातल्या एका मिनिटाचं मी श्रुतलेखन करायची, मग मजकुराशी ताडून पाहायची. वर्गात मुलांना श्रुतलेखन घालणारी बाई घरी स्वतः घेत बसलेली पाहून आमचा धाकटा फारच खूश झाला. माझ्या चुका मोजायचं काम त्याने मोठ्या आनंदाने पत्करलं.

राहता राहिलं संभाषण. मुलांनो, खरी गंमत इथे आहे.

ही परीक्षा एकट्याने देता येत नाही! दोन परीक्षार्थी एकत्र बसतात आणि समोर दोन परीक्षक. त्यातला एक बोलतो, दुसरा गुपचूप ऐकून गुण देतो. सगळी मिळून १५ मिनिटं. आधी थोडी ओळखपाळख. मग प्रत्येकाला तीन चित्रं दाखवतात, त्यातली दोन निवडून त्यांच्याविषयी एक मिनिट सलग बोलायचं. मग एका विषयावर दोघांनी आपसात चर्चा करायची आणि शेवटी परीक्षकही चर्चेत येतो.

भाचीला जोडीदार हवा होता आणि घरात होते मी. कुलूपवाली!

जुन्या पुरवण्यांतली चित्रं कापून आम्ही पाकिटात भरली. घड्याळ घेऊन बसलो. विषय काढला, मुलांना घरकाम शिकवावं का. भाची सुरू झाली ती थांबेचना. फाडफाड, फाडफाड! मी एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. दोन मिनिटं संपली तेव्हा माझे शब्द झाले होते चार. ‘यस’, ‘यस’, ‘आय थिंक’.

ती खुशीत म्हणाली, “कसं झालं?”

मी म्हटलं, “बाळा, तू छान बोललीस. पण मी कुठे होते?”

ती थबकली. या परीक्षेत उच्चार, व्याकरण, शब्दसंपत्ती यांना गुण असतात, तसे दुसऱ्याशी संवाद कसा साधता यालाही असतात. जोडीदाराचं ऐकलं का, त्याचा मुद्दा पुढे नेला का, तो अडखळला तर त्याला वाट करून दिली का. जोडीदाराला गप्प करून तिथे कोणी जिंकत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिचा जोडीदार एक लाजाळू मुलगा होता. ती म्हणाली, “मावशी, तो काहीतरी सांगत होता गं. मी त्याचं वाक्य मधेच तोडलं.” त्या मुलाचा निकाल काय लागला कोण जाणे. ती मात्र बराच वेळ गप्प होती.

मग आम्ही अदलाबदल केली. तिने मला प्रश्न विचारायचे आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबायचं. मी तिचं वाक्य पकडून पुढे न्यायचं. आधी मी मनात मराठी वाक्य जुळवायची, मग त्याचं इंग्रजी करायची, तोवर गाडी सुटलेली! तीच म्हणाली, “मावशी, मोठं वाक्य नको. छोटं बोल, मग त्याला दुसरं छोटं जोड.” पहिल्या आठवड्यात मी सलग १२ सेकंद बोलले, सुट्टी संपताना २५. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “दोघींचं काय चाललंय ते कळत नाही, पण भांडताय असं वाटत नाही.” आमच्या चर्चेला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र!

सुट्टी संपली, ती घरी गेली. पुढचे चार महिने दर रविवारी फोनवर सराव. तिच्याकडे चुकांची वही, माझ्याकडे माझी. होय, माझीही एक वही झाली होती. या चार महिन्यांत तिने प्रश्नपत्रिका किती सोडवल्या असतील? सहा. पण प्रत्येकीमागे तीन-तीन संध्याकाळी वही घेऊन बसली.

पालकांना इथे एक सांगते. सी वनची परीक्षा लहान मुलांच्या गळ्यात बांधायची नव्हे. खालच्या पायऱ्यांच्या परीक्षा असतात, पण त्यांचीही घाई नको. मोठ्या मुलाला गरज असेल तर ज्या विद्यापीठात जायचं त्याला आधी विचारा, कारण कुठे ही परीक्षा चालते, कुठे आयईएलटीएस लागते, कुठे टोफेल. आणि महिन्याभरात सी वनला पोचवतो अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. आणखी एक, घरात मराठी वाचणं बंद करू नका. माझ्या भाचीला ‘हार्डली’ची उडी मराठीनेच समजावून दिली.

मार्चमध्ये तिने पुन्हा परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी दाजींचा फोन आला. आधी नुसतंच हसू ऐकू आलं, मग आकडे. वाचन १८७, भाषेचा वापर १८०, लेखन १८१, श्रवण १९१, संभाषण १८६. सरासरी तुम्हीच काढा, मी सांगत नाही!

आणि मी? मी अजून फॉर्म भरलेला नाही. पण रविवारचा फोन काही बंद झालेला नाही. आता भाची परीक्षक असते आणि मी परीक्षार्थी. परवा तिने दोन चित्रं पाठवली, एकात बाजारात भाजी विकणारी बाई, दुसऱ्यात रात्री अभ्यास करणारी मुलगी. मी सुरू केलं. बाजार सांगितला, दिवा सांगितला, दोघीही दमलेल्या दिसतात हे सांगितलं, आणि थांबले. पलीकडे शांतता.

मग ती म्हणाली, “मावशी, अजून बावीस सेकंद आहेत. बोल.”